पाठ दाखवा

गोधडीचा टाका फोनवर दिसतो, त्याचा ताण दिसत नाही. ऑनलाइन शिकवायला लागल्यापासून माझी खरी झटापट चालली आहे ती या एका गोष्टीशी. नेटवर्क, लाइट, वेळ या अडचणींवर माणूस काहीतरी तोडगा काढतो. सुई कापडात शिरली, चार टाके अंगावर घेऊन वर आली, इथपर्यंत पडद्यावर सगळं स्वच्छ असतं. मग मी दोरा ओढते. किती ओढते आणि कुठे थांबते, हे माझ्या अंगठ्याला ठाऊक. नाशिकला किंवा न्यू जर्सीला बसलेल्या बाईला ते कळावं कसं? दोरा जास्त ओढला तर कापड चुणतं, गोधडी आखडते आणि पहिल्या धुण्यात आणखी आखडते. कमी ओढला तर टाका ढिला राहतो आणि झोपेत कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यात अडकून तुटतो.

आमचं केदारखेडा भोकरदन तालुक्यातलं. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे निघालं की पूर्णा नदीजवळ लागतं. इथे गोधडी शिवायला कुणी कुणाला रीतसर शिकवलेलं मी पाहिलं नाही. होळी उलटली, शेतातली कामं सैल पडली, की घराघरांतून जुनेर बाहेर निघायचं. लुगडी, धोतरं, विटलेले परकर, उन्हात वाळवून, झटकून. मी सून म्हणून आले त्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी मला गोधडीच्या पलीकडच्या कडेला बसवलं, हातात सुई दिली आणि स्वतःच्या कामाला लागल्या. माझ्या ओढण्यानं त्यांच्याकडचं कापड हललं की मान वर न करता म्हणायच्या, "कापडाला कामून ओढती माय? दोऱ्याला ओढ." माझं शिक्षण ते एवढंच. बाकीचं हात शिकला.

2020च्या टाळेबंदीत पुण्याच्या भाचीनं गळ घातली. "मामी, माझ्या मैत्रिणींना शिकायचंय. तू फोनवर दाखव, बाकीचं मी बघते." त्या मैत्रिणींच्या मैत्रिणी झाल्या, त्यांच्या बहिणी परदेशातून येऊन मिळाल्या, आणि वर्ग सुरू झाला. पहिला प्रश्न फोन ठेवायचा कुठे हा होता. समोर ठेवला तर माझा उजवा हात बघणाऱ्याच्या डावीकडे जातो आणि ती गोंधळते. शिकणारीला माझ्या डोळ्यांनी बघता आलं पाहिजे, म्हणजे फोन वरून हवा. घरात आढ्याला पाळण्याची कडी होती. तिला दोरी बांधून फोन खाली तोंड करून टांगला आणि प्रश्न मिटला. एक डावखुरी मुलगी वर्गात आली तेव्हा मात्र फोन मुद्दाम समोर ठेवला. समोरून बघताना माझं काम तिला तिच्या हातासारखंच दिसत होतं.

फुकटच्या झूमवर चाळीस मिनिटं झाली की बैठक बंद पडते. सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे मी तो वेळ कामाला लावला. चाळीस मिनिटं मी दाखवायचं, मग बैठक तुटेल, मग त्यांनी एकट्यानं भरत बसायचं आणि तासाभरानं पुन्हा यायचं. हाताला मध्ये कुणी बघत नसलेला वेळ लागतोच. रविवारी संध्याकाळी सातला आमच्याकडे दिवेलागण झालेली असते, न्यू जर्सीत उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. त्या बायांचा चहा व्हायचा असतो, माझा स्वयंपाक.

ताण शिकवायचा तर तो आधी शब्दांत आणावा लागला. आयुष्यभर ज्याला 'असं' म्हणून हात करून दाखवलं, त्याचे तुकडे पाडावे लागले. दोरा ओढताना डाव्या हाताचा तळवा कापडावर पसरून ठेवा. तळव्याखाली कापड सरकलं तर तुम्ही कापड ओढताय. टाका बसला की त्यावरून अंगठ्याचं नख फिरवा. नख अडखळलं तर टाका ढिला. कापडावर खळी पडून ती तशीच राहिली तर टाका जाच करतोय. खळी पडावी आणि हातानं सारखं केल्यावर अर्धी भरून यावी. हे सगळं बोलताना मला स्वतःला नव्यानं कळत होतं. आत्याबाईंनी यातलं एकही वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. त्यांना गरजच नव्हती, माझी चूक त्यांच्या हाताला थेट लागत होती.

तरी नुसत्या शब्दांवर भागत नाही, म्हणून मी दोन परीक्षा ठेवल्या. पहिली मोजायची. अठरा इंचांचा चौकोन कापून चार थर लावायचे, बोटभर अंतरानं धावदोरा घालत पूर्ण भरायचा आणि पुन्हा टेप लावायचा. अर्धा इंच गेला तर हात बरा. दीड इंच गेला तर हात जड आहे, मोठ्या गोधडीला अजून हात लावायचा नाही. दुसरी परीक्षा पाठीची. व्हॉट्सॲपवर सगळ्या जणी पुढच्या बाजूचे फोटो टाकतात, रंग कसे जुळले ते दाखवायला. मी लिहिते, "पाठ दाखवा." पुढून टाके सारखे दिसावेत म्हणून माणूस सुई तिरकी घालतो, मध्येच एखादा थर चुकवतो. पाठीवर ते लपत नाही. कुठे टाका तळापर्यंत पोचलाच नाही, कुठे दोन टाक्यांत मोठी उडी पडली, कुठे दमून हात ढिला झाला आणि चहा पिऊन आल्यावर पुन्हा आवळला गेला, सगळं तिथं नोंदलेलं असतं. आता वर्गातल्या जुन्या मुली न सांगता आधी पाठच पाठवतात. नव्यांना वाटतं मॅडम खवट आहेत.

दुसरी मोठी अडचण कापडाची. पहिल्या वर्गाला निम्म्या जणी नवं कोरं सुती कापड दुकानातून घेऊन आल्या होत्या. नव्या कापडात खळ असते, सुई अडते, बोट दुखतं. शंभरदा धुतलेल्या लुगड्यात सुई स्वतःहून शिरते. गोधडी मऊ होते ती शिवणारीच्या कौशल्यानं फार थोडी, नेसणारीच्या वापरानं पुष्कळ. शिवाय एका नऊवारीचा हिशेब किती नेटका बसतो! नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आतबाहेर. त्याचे चार सारखे भाग केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा. दोन शेजारी जोडून वरचा भाग, दोन जोडून खालचा. दोघांच्या अंथरुणाची गोधडी एका लुगड्यात, आत भरायला घरातली बाकीची धडोती. वाया काही जात नाही.

पण आता लुगडी आणायची कुठून? आमच्या चहूकडे कपाशी उभी असते. दिवाळीपासून वेचणी चालते, कापूस जिनिंगला जातो, आणि घरात नेसायला येते ती सुरतेची सिंथेटिक साडी. सिंथेटिक साडी गोधडीला वर लावली तर रंग झकास दिसतो, पण ती सरकते, घाम टिपत नाही, आणि सुई काढली की दोराही मागे निसटू बघतो. शहरातल्या मुलींच्या कपाटात तर बहुतेक तेच असतं. त्यांना मी सांगते, सिंथेटिक एकाच बाजूला ठेवा, आत आणि अंगाकडे सुती घ्या, कच्चे टाके दाट मारून घ्या, आणि नेहमीपेक्षा टाका बारीक घाला. जुने सुती बेडशीट, पांढरे शर्ट, पंचे, लेंगे, जे मिळेल ते.

या वर्गात आईच्या साड्या घेऊन येणाऱ्या बऱ्याच असतात. आई गेलेली असते, साड्या कपाटात असतात, आणि कात्री लावायचा धीर होत नाही. फोनवर मी बघत असते, कात्री साडीवर टेकलेली असते आणि पुढे सरकत नाही. त्यांना मी म्हणते, "कात्री बाजूला ठेवा. काठाला बोटभर चीर द्या आणि दोन्ही हातांनी फाडा." सुती कापड फाडलं की धाग्याला धरून सरळ फाटतं, कात्रीनं इतकं सरळ कापता येत नाही. कारण एवढं व्यवहारी आहे. पण एकदा तो टर्र आवाज झाला की पुढची फाडाफाडी सोपी जाते, हेही मी पाहिलं आहे. एकीनं दोन्ही साड्या फाडून झाल्यावर फोन बंद केला आणि पुढच्या रविवारी काही न बोलता थर लावून हजर झाली.

शिकणाऱ्या आता खूप काही बघून येतात. कुणी जपानी साशिकोचे मोजून घातलेले टाके दाखवते, कुणी बंगालचा कांथा, ज्यात पूर्वी जुन्या साडीच्या काठातूनच रंगीत धागे ओढून काढत. एकीनं अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या गोधड्या दाखवल्या. तिथल्या काळ्या शेतकरी बायांनी शेतात झिजलेल्या कपड्यांतून शिवलेल्या त्या गोधड्या 2002 साली ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयात लागल्या, 2006 साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आपल्याकडच्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं, तेही फ्रान्समध्ये छापलं गेलं. हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "भिंतीला लावल्या? मग पांघरलं काय?"

वाद होतो तो सुरुवात कुठून करायची यावर. यूट्यूबवर शिकून आलेल्या म्हणतात, मधून सुरू करून बाहेर जा, म्हणजे जादा कापड कडेला निघून जातं. त्यांचं खरं आहे, पण त्यांच्या कामात कडा शेवटी कापून त्यावर पट्टी बसवतात. आमच्याकडे कडा आधी दुमडून पक्की होते आणि टाके चौफेर फिरत आत जातात. कापायला जादा काही ठेवलेलंच नसतं. शिवाय गोधडी झिजते ती कडेला, हनुवटीशी आणि पायाशी, म्हणून ताज्या हाताचे पहिले टाके तिथं पडावेत. एक कारण बसण्याचंही आहे. चौघी चार कडांना बसल्या तर आत सरकत जाताना कुणी कुणाच्या आड येत नाही. मात्र अशा पद्धतीत कापडाची थोडी चढउतार आतल्या आत जिरवावी लागते. म्हणजे पुन्हा तोच ताण.

फी घ्यायची ठरवली तेव्हा गावात चर्चा झाली. शिवून दिल्याची मजुरी लोकांना कळते, दाखवल्याची कळत नाही. बसून बोलायचे पैसे, असं वाटतं. शहरात रस्त्याकडेला गोधड्या शिवून देणाऱ्या बायांच्या मजुरीची घासाघीस करणारी माणसं मी पाहिली आहेत. एका गोधडीला दिवसचे दिवस जातात, आणि पानिपतची गुबगुबीत ब्लँकेट बाजारात त्याहून स्वस्त पडते. शिवून विकण्याच्या शर्यतीत आम्ही यंत्रापुढे टिकणार नाही. शिकवण्यात टिकू शकतो, कारण तिथं विकला जातो तो आमचा अनुभव. वर्गात आता काकूही बसतात. त्यांना फोन हाताळता येत नाही, अक्षरओळख बेताची, पण कुणाची पाठ पडद्यावर आली की चष्मा वर करून त्या नेमका टाका सांगतात. मुली त्यांनाही मॅडम म्हणतात. फीमधला त्यांचा वाटा मी त्यांच्या खात्यावर टाकते. मिरचीची तोडणी सुरू झाली की आमचा वर्ग बंद असतो, हे मुलींनी आता गृहीत धरलं आहे.

एवढं करूनही वर्ग संपल्यावर बहुतेकींच्या हातून एक छोटं दुपटं किंवा उशीची खोळ होते आणि काम थांबतं. मोठी गोधडी फार थोड्या जणींनी पुरी केली. मी त्यांची पाठ पाहत गेले तसं लक्षात आलं, की पुऱ्या झालेल्या गोधड्यांवर जवळजवळ नेहमी दोन हातांचे टाके होते. कुणाची सासू बसली होती, कुणाची मुलगी, एकीचा तर नवरा. एकटीची गोधडी कंटाळ्यानं थांबते हे तर खरंच, पण त्याहून मोठं कारण ताणाचं आहे. समोर दुसरी कड धरून कुणी बसलं असलं की आपण जास्त ओढल्याबरोबर त्याच्याकडचं कापड हलतं आणि तो ओरडतो. टेप नको, फोटो नको, केदारखेड्याहून माझी तपासणी नको. आत्याबाई माझ्यासाठी जे करत होत्या, ते काम मी फोनवरून करायला बघत होते. ते करायला त्याच खोलीतलं माणूस लागतं, मग त्याला शिवता येत नसलं तरी चालतं.

म्हणून यंदाच्या वर्गाला मी अट घातली आहे. नाव नोंदवताना दोन नावं द्यायची. दुसरं माणूस घरचं असो, शेजारचं असो, पुरुष असो. फी एकाचीच घेईन. एका मुलीनं कळवलं, "मॅडम, मी एकटीच राहते." तिला मी तिच्या सोसायटीच्या वॉचमनच्या बायकोला विचारायला सांगितलं. त्या बाई मूळच्या परतूरच्या निघाल्या आणि गोधडी लग्नाआधीपासून शिवतात. पुढच्या रविवारी दोघी येणार आहेत. शिकवायचं कुणी कुणाला, ते तेव्हा बघू.