तीच कृष्णा, नवं पाणी

सातारा, रविवार. रात्रीचे साडेअकरा.

आज संगणकाचा प्रोसेसर बदलला. 2018 साली सांगलीच्या घरी बाबांनी आणि मी मिळून जोडलेला हा संगणक. 2019 च्या पुरात पाणी अंगणात आलं, तेव्हा बाबांनी सगळ्यात आधी हाच उचलून माडीवर नेला होता. तो टाकून नवा घ्यायला मन धजेना.

जुन्या मदरबोर्डने नवा प्रोसेसर ओळखावा म्हणून आधी बायॉस अपडेट केलं. मग चार कोरचा रायझन 2200जी काढून त्याच एएम4 सॉकेटमध्ये सहा कोरचा 5600जी बसवला. चिपच्या पोटाशी 1331 बारीक सोनेरी पिना. एक वाकली तरी सगळं फुकट. कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून, जोर न लावता सोडला. अलगद बसला. दांडी खाली केली, वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, वर पंखा आवळला.

बटण दाबलं, स्क्रीन उजळला. लगेच सांगलीला फोन लावला.

"झाला का रे चालू?" बाबा जागेच होते.

इथल्या, साताऱ्याजवळच्या माहुलीच्या संगमावरून निघालेली कृष्णाच पुढे सांगलीच्या घाटाला लागते. पात्र तेच, पाणी नवं. जपलेल्या वस्तूंचंही असंच असतं.