वीस मिनिटांचा कोरियन खिमा

खिम्याला वेळ द्यावा लागतो, असं अम्मीचं मत. खिमा चाळणीत धुवायचा, निथळत ठेवायचा, कांदा लाल होऊ द्यायचा, मसाल्याला तेल सुटेपर्यंत परतायचं. घाई केली की तिच्या लेखी तो कच्चाच. त्यामुळे परवा लेकीने मोबाईल माझ्यापुढे धरून "अब्बा, हा वीस मिनिटांत होतो" म्हटलं, तेव्हा अम्मीने नुसतं पाहिलं.

लेक अकरावीत आहे. लॉकडाऊनमध्ये तिला कोरियन मालिकांचं वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही. 'बुल' म्हणजे आग आणि 'गोगी' म्हणजे मांस, हे मला तिनेच शिकवलं. अस्सल बुलगोगी पातळ कापांची, मुरवून भाजलेली. घाईच्या दिवशी कापांऐवजी खिमा घ्यायचा आणि गरम भातावर वाढायचा, एवढीच ही पाककृती.

अर्धा किलो खिमा आणला. मोठ्याचा. कसायाला थोडी चरबी घालायला सांगितलं, कारण म्हशीचं मटण कोरडं असतं, साध्या परतण्यात चिवट होतं. मोठी आच, पसरट कढई. खिम्याचं पाणी आटलं की आठ-दहा लसूणपाकळ्या आणि बोटभर आलं ठेचून. मग चार चमचे सोया सॉस, दोन चमचे गूळ. मीठ नाही, सोया सॉसमध्येच भरपूर असतं. गोचुजांग म्हणजे तिकडची आंबवलेली मिरचीची चटणी. दुकानातल्या डबीमागचं बारीक अक्षर वाचलं, तर त्यात अल्कोहोल लिहिलेलं. हलाल शिक्क्याची मिळते, पण आमच्या गावात नाही. म्हणून ब्याडगी मिरची भिजवून वाटली. कोरियातले लोक हसतील, हसू देत. भाजलेल्या तिळाच्या तेलाऐवजी तीळ भाजून, कुटून वरून घातले. भात मात्र इंद्रायणीचा. बासमती इथे कामाचा नाही, दाणा दाण्याला चिकटायला हवा. वर पातीचा कांदा आणि एक अर्धकच्चं तळलेलं अंडं.

बावीस मिनिटं लागली. अम्मीने पहिला घास घेतला, म्हणाली, "गोड आहे." मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

लेकीने वाटीचा फोटो काढला आणि मैत्रिणींना पाठवण्याआधी खाली लिहिलं, 'बीफ बोल'. मी म्हटलं, "खिमा लिही."

"का?"

आता तिला काय सांगणार? राज्यात गाय कापायला 1976च्या कायद्यानेच बंदी होती. 2015च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस त्या बंदीत नाही. पण मोबाईलवरचा फोटो पाहणारा कायदा उघडून बसत नाही, तो शब्द पाहतो. 2015नंतर मी रिक्षात, ऑफिसात, फोनवर हा शब्द उच्चारलेला आठवत नाही. कुणी मला मना केलं नव्हतं. मीच हळूहळू 'मटण', 'खिमा', 'ते आपलं' असं बोलू लागलो. डबा उघडताना झाकण अर्धवट ठेवायची सवयही तेव्हाचीच.

"म्हशीचंच आहे ना? चालतं ना?" ती म्हणाली.

"चालतं."

"मग?"

मी म्हटलं, अंडं थंड होतंय. बापाची पळवाट तिला कळली. तिने दोन शब्द पुसले, 'कोरियन खिमा' लिहिलं आणि पाठवलं. जेवताना एक शब्द बोलली नाही. खरं सांगतो, तिने पुसलं म्हणून मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

भांडी घासत होतो, तेव्हा ती फोन घेऊन आली. शाळेपासूनच्या मैत्रिणीने विचारलं होतं, 'कशाचा खिमा?' त्या मुलीच्या घरी आषाढी-कार्तिकी पाळतात. ईदला आमच्याकडे शीरखुर्मा खायला येते.

"तुम्हीच सांगा आता, काय लिहू?"

हात पुसले. फोन घेतला आणि लिहिलं, 'म्हशीचा.'

बराच वेळ ती लिहीत असल्याचं दिसत राहिलं. मग उत्तर आलं: 'मला चालणार नाही ग. पनीरचा करशील का? अंडं मात्र ठेव.'

रविवारी पनीर आणायचं आहे.