सुनेची परीक्षा आणि बिबड्यांचं गणित

परीक्षा ही शाळा-कॉलेजातल्या मुलांची गोष्ट, असं इतर गावच्या बायकांना वाटत असेल. आम्हा भुसावळच्या बायकांना तसं कधी वाटलं नाही. रेल्वेच्या गावात मोठी माणसंच जास्त परीक्षा देतात. मध्य रेल्वेची प्रशिक्षण संस्था इथंच. त्यामुळे चाळिशी उलटलेले, टक्कल पडलेले गृहस्थ वह्या काखोटीला मारून वर्गाला निघालेले मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे. आमचे हे गार्ड होते. बढतीची परीक्षा जवळ आली की ‘जनरल अँड सब्सिडिअरी रूल्स’चं जाडजूड पुस्तक बाहेर निघायचं. मग घरात रेडिओ बंद, मुलांना घेऊन मी शेजारच्या क्वार्टरमध्ये, आणि ‘ह्यांची परीक्षा आहे’ एवढं सांगितलं की दूधवालासुद्धा कडी हळू वाजवायचा.

२०२३ साली आमच्या घरात पुन्हा परीक्षा आली. या वेळी ती सुनेची होती. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की दूधवाला कडी पूर्वीसारखीच वाजवतो आहे.

सून इंजिनिअर. लग्नाआधी आणि नंतरही पुण्याच्या एका कंपनीत होती. नातवाच्या वेळी नोकरी सुटली. परत येते म्हणाली तेव्हा जागा भरली गेली होती. त्या कंपनीचं नाव इथं नको, अशा कंपन्या काही एकदोन नाहीत. मुलगा दीपनगरच्या वीजकेंद्रात लागला आणि बिऱ्हाड आमच्याकडे भुसावळला आलं. मधे आठ महिने तिनं घरून एका लहान फर्मचं काम केलं, तेही २०२२ च्या ऑगस्टमध्ये संपलं. त्यानंतर तिनं ही परीक्षा मनावर घेतली.

परीक्षेचं नाव पीएमपी. म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करणाऱ्याला मिळणारं प्रमाणपत्र. एखादा पूल बांधायचा, कारखान्यात नवं यंत्र बसवायचं, बँकेची सगळी खाती नव्या संगणकावर न्यायची, असलं काम ठरल्या दिवसांत आणि ठरल्या पैशांत पार पाडणारा तो प्रोजेक्ट मॅनेजर. अमेरिकेतल्या एका संस्थेकडून, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटकडून, ही परीक्षा घेतली जाते. संस्था १९६९ सालची, परीक्षा १९८४ पासूनची. आज जगभरात दहा लाखांहून जास्त लोकांकडे हे प्रमाणपत्र आहे. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत ‘पीएमपी असल्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं, ते हेच.

पण या परीक्षेला बसायलाच आधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. चार वर्षांची पदवी असेल तर प्रकल्प चालवण्याचा छत्तीस महिन्यांचा अनुभव हवा, डिप्लोमा असेल तर साठ महिन्यांचा. शिवाय पस्तीस तासांचं शिक्षण. आणि खरी मेख पुढंच आहे. तो अनुभव अर्जाच्या आधीच्या आठ वर्षांतलाच हवा होता. (हे सगळे नियम २०२३ चे बरं का. ते अधूनमधून बदलतात, तेव्हा कुणाला बसायचं असेल तर संस्थेची त्या वर्षीची पुस्तिका आधी वाचावी.)

पोरीनं एका संध्याकाळी कॅलेंडर उलटं करून मागं हिशेब मांडला. जून २०१५ ते नोव्हेंबर २०१७, हे तीस महिने पुण्याचे. २०२२ चे जानेवारी ते ऑगस्ट, हे आठ. एकूण अडतीस. एका महिन्यात दोन कामं चालवली असली तरी महिना एकच धरतात, म्हणून तिथं काही वाढ नाही. जून २०२३ पर्यंत अर्ज गेला तर अडतीसच्या अडतीस हातात. जुलैत गेला तर २०१५ चा जून आठ वर्षांच्या बाहेर पडतो, राहिले सदतीस. ऑगस्टमध्ये बरोबर छत्तीस. आणि सप्टेंबर उजाडला की पस्तीस, म्हणजे दार बंद.

मी ते कॅलेंडर पाहिलं आणि मला कसंसंच झालं. घरी बसलेल्या बाईचं केलेलं कामही महिन्यामहिन्यानं झिजत जातं, हे असं आकड्यांत मी पहिल्यांदा पाहत होते. मूल झालं म्हणून ती थांबली. ते आठ वर्षांचं घड्याळ मात्र तिच्यासाठी थांबलेलं नव्हतं. पुरुषांसाठीही ते थांबत नाही, नियम सगळ्यांना सारखाच, हे खरं. पण पुरुष बाळंत होत नाहीत, हेही खरंच की!

घरात कुणी नाही म्हटलं नाही. आमच्याकडं तशी पद्धतच नाही. ‘कर ना, कोण नको म्हणतंय?’ असं म्हणून सगळे जेवायला बसले. माझ्या जाऊबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘आता कशाला वं हे? पोराची नोकरी पक्की आहे.’ नोकरी त्याची पक्की आहे, तिची नाही, एवढंच मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेचार ते साडेसहा ही वेळ मी माझ्याकडे घेतली. त्या दोन तासांत नळाला पाणी येवो की नातू उठो, तिच्या खोलीचं दार वाजणार नाही. दूधवाल्याला गेटवर पिशवी टांगायला सांगितलं. फार मोठं काही नाही हो. ह्यांच्या वेळी जे आपोआप होत होतं, ते या वेळी सांगून करावं लागलं.

दिवस मार्च-एप्रिलचे, म्हणजे आमच्या खानदेशात वाळवणांचे. ती ‘क्रिटिकल पाथ’ नावाचं काहीतरी वाचत होती. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँ नावाच्या रसायनांच्या कंपनीत निघालेली ही युक्ती. मला म्हणाली, ‘आई, सोपं आहे, समजावून सांगते.’ मी म्हटलं, बिबड्यांवर समजाव. मग दोघींनी बसून मांडलं. ज्वारी भिजायला तीन दिवस. निथळून आंबट-ओली सुकायला एक. दळायला एक. शिजवून ओल्या धोतरावर थापायला एक. वाळायला तीन. झाले नऊ दिवस. हे एकामागून एकच होणार, इथं गिरणी एक दिवस बंद राहिली की नवाचे दहा. हीच ती मुख्य वाट. आता लसूण सोलायचा, तीळ निवडायचे, हे एका दिवसाचं काम. ते सहाव्या दिवशी भांडं चुलीवर चढायच्या आत झालं की पुरे. म्हणजे पहिल्या पाच दिवसांत केव्हाही करा, चार दिवस टंगळमंगळ केली तरी बिबड्यांना काही होत नाही. या मोकळ्या चार दिवसांना त्यांच्या भाषेत ‘फ्लोट’ म्हणतात. तेव्हा ज्या सासवा सुनेला पहिल्याच दिवशी ‘लसूण सोलला का?’ म्हणून धारेवर धरतात, त्यांनी हे जरूर वाचावं.

वाळायचे तीन दिवस तरी कशावरून? त्यालाही त्यांचं सूत्र आहे. सगळं मनासारखं झालं तर किती, नेहमी किती, आणि अगदी वाईट झालं तर किती, असे तीन आकडे घ्यायचे. मधला चारदा धरायचा, सगळ्यांची बेरीज करून सहानं भागायचं. भुसावळचं कडक ऊन पडलं तर दोन दिवस, एरवी तीन, अवकाळी आभाळ आलं तर दहा. दोन, अधिक बारा, अधिक दहा, झाले चोवीस. भागिले सहा, चार. म्हणजे पाहुण्यांना सांगताना चार दिवस सांगावे. अमेरिकेच्या नौदलानं १९५८ मध्ये पाणबुडीवरच्या क्षेपणास्त्राच्या कामासाठी ही रीत काढली म्हणे. माझ्या सासूबाई आभाळाकडं बघून तेवढंच सांगायच्या, पण त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही.

परीक्षेत गणितं थोडीच असतात. जास्त प्रश्न माणसांचे. एका प्रसंगाचं वर्णन, आणि ‘प्रोजेक्ट मॅनेजरनं सर्वांत आधी काय करावं?’ असं विचारून चार उत्तरं. चारही बरोबरच वाटतात. ती मला मराठीतून सांगायची आणि रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघं उत्तरं द्यायचो. एक माणूस कामावर सारखा उशिरा येतो, काय करावं? आमचे हे ताडकन म्हणाले, ‘एसएफ इलेव्हन!’ रेल्वेत आरोपपत्राच्या छापील फॉर्मला तसं म्हणतात. चूक. वरिष्ठांना कळवावं? तेही चूक. आधी त्या माणसाला बाजूला घेऊन विचारावं की बाबा, अडचण काय आहे, हे बरोबर. ह्यांना ते अजूनही पटलेलं नाही. पण दहाबारा दिवसांत माझी उत्तरं निम्म्याच्या वर बरोबर यायला लागली. एकत्र कुटुंबात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला भांडण वर न नेता खालीच मिटवायचं शिकवावं लागत नाही.

सगळं आधी ठरवून मग कामाला लागायचं, ही जुनी पद्धत. थोडं करायचं, दाखवायचं, सुधारायचं, पुन्हा करायचं, ही नवी. तिला ‘अजाइल’ म्हणतात. साधारण निम्मे प्रश्न या नव्या पद्धतीचे आणि दोन्हींच्या मिश्रणाचे होते. पहिला घाणा तळून मीठ चाखायचं आणि मग पुढचं पीठ सारखं करायचं, असं मी समजून घेतलं.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर. कूलरच्या आवाजात तिचा शनिवार-रविवारचा ऑनलाइन वर्ग चालायचा. पस्तीस तास जूनच्या शेवटी पुरे झाले आणि अर्ज गेला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. सदतीस महिने.

चारच दिवसांत उत्तर आलं की तिचा अर्ज तपासणीसाठी निवडला आहे. काही अर्ज असे सहज म्हणून काढून तपासतात. आता पदवीची प्रत, वर्गाचा दाखला आणि प्रत्येक प्रकल्पासाठी त्या वेळच्या वरिष्ठाची सही हवी, नव्वद दिवसांत. पोरीचा चेहरा उतरला. कारण त्या कंपनीत प्रकल्प ती चालवायची खरी, पण कागदावर तिचं पद ‘सीनियर’ का काहीसं होतं. ‘मॅनेजर’ ही पाटी तिच्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मुलाला मिळाली होती. संस्थेला पदाशी कर्तव्य नाही, काम कुणी चालवलं तेवढंच पाहतात. पण ते सांगणार कोण? कंपनीत पाठवलेल्या दोन पत्रांना उत्तर नाही. शेवटी कळलं की तिचे त्या वेळचे साहेब निवृत्त होऊन नाशिकला राहतात. तिनं फोन लावला तेव्हा मी शेजारीच भाजी निवडत होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कागद कधी पाठवतेस? आठ दिवसांत सही होऊन आली. तीनही प्रकल्पांच्या पुढं, तिनं लिहिलेलं वर्णन खरं आहे, काम हिनंच चालवलं, अशी खूण. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि मग मला दिला. मला इंग्रजी फार येत नाही, पण तेवढं वाचता आलं.

आता गंमत म्हणून सांगते. रेल्वेनं २०२२ च्या जानेवारीत गार्डाचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं. आमचे हे त्याआधीच निवृत्त झालेले, तरी शेजारी त्यांना चिडवतात, ‘काय मॅनेजरसाहेब!’ पद असं घरबसल्याही मिळतं.

अर्ज मंजूर झाल्यावर वर्षभरात केव्हाही बसता येतं, आणि त्या वर्षात तीन वेळा प्रयत्न करता येतो. तिनं डिसेंबर धरला. १८० प्रश्न, २३० मिनिटं. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची विश्रांती, पण एकदा विश्रांतीला उठलं की मागचे प्रश्न पुन्हा उघडत नाहीत. ज्या बाईला पाच वर्षांत सलग वीस मिनिटं कुणी बसू दिलेलं नाही, तिला पावणेचार तास बसायचं. म्हणून दिवाळीनंतरचे चार रविवार आम्ही रंगीत तालीम केली. सकाळी नऊला ती आत, आणि आम्ही दोघं नातवाला घेऊन स्टेशनवर. आमच्या गावात मुलांना रमवायला याहून चांगली जागा नाही. मुलगा सुटीवर असला तर स्वयंपाक त्याच्याकडे. पहिल्या रविवारी वरणात मीठ नव्हतं, चौथ्या रविवारी भरीत माझ्यापेक्षा बरं झालं.

परीक्षा घरून कॅमेऱ्यासमोरही देता येते. पण त्या वेळात खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये. आमचा नातू, आमची वीज आणि आमचे शेजारी पाहता तिनं पुण्याचं केंद्र घेतलं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं रात्री निघाली, मुलगा सोबत. घड्याळ, पर्स, फोन, सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात म्हणे, खिसेसुद्धा उलटे करून दाखवायचे. दुपारी फोन आला तो नातवानं उचलला आणि नुसताच ‘हो’ म्हणून ठेवून दिला. मग आम्ही पुन्हा लावला. पास. पास व्हायला किती गुण लागतात, ते संस्था सांगत नाही. तीन विभागांपुढं फक्त शेरे असतात. माणसांच्या विभागात तिला सर्वांत वरचा शेरा मिळाला.

नोकरी लगेच लागली नाही. दोन ठिकाणी मधल्या रिकाम्या वर्षांबद्दल विचारलं आणि नंतर कळवतो म्हणाले. २०२४ च्या मार्चमध्ये नाशिकच्या एका फर्मनं घेतलं, महिन्यातून दोनदा तिकडं जायचं, बाकी घरून. मागितला त्याहून पगार कमी, पण पद ‘प्रोजेक्ट मॅनेजर’. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मुलीला किंवा सुनेला अनुभव नसेल तर त्याच संस्थेची सीएपीएम नावाची धाकटी परीक्षा आहे. तिला कामाचे महिने लागत नाहीत, २०२३ मध्ये तेवीस तासांचं शिक्षण पुरत होतं. आणि नोकरी सोडताना आपण चालवलेल्या कामांची नावं, तारखा आणि साहेबांचा घरचा फोन नंबर वहीत उतरवून घ्यावा, हे तर प्रत्येकीनंच करावं.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात साठ तास आणखी शिकल्याचं दाखवावं लागतं. तिनं दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरशेजारी दुसरं कॅलेंडर टांगलं आहे, त्यावर ते तास मांडते. या रविवारी दोन तासांचा वर्ग आहे, आणि आमचे हे भरताची वांगी आणायला बाजारात गेले आहेत.