विषाची परीक्षा

वीकएण्डला कम्प्युटरपासून लांब कुठेतरी जायचं, म्हणून आम्ही तिघींनी पुण्याहून थेट तोरणमाळ गाठलं. एकीच्या काकू नोकरीनिमित्त तिथे राहतात. सातपुड्यातली थंडगार हवा, यशवंत तलाव, सीताखाई... एकदम झक्कास!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू परसातलं तण काढत होत्या. मला उत्साह फार. ‘काकू, तुम्ही बसा, मी करते,’ म्हणत हातमोजे न घालताच कामाला लागले. भोंग्यासारखी पांढरी फुलं, काटेरी गोल फळं. अरे, हा तर धोतरा! महाशिवरात्रीला महादेवाला वाहतो तोच. देवाला चालतो, मग मला काय होणार? पाच-सहा झाडं उपटली, घाम पुसला, डोळा चोळला.

काही वेळाने मैत्रीण किंचाळली, ‘अगं, तुझी एक बाहुली केवढी मोठी झालीय!’ आरशात पाहिलं, तर खरंच. मोबाइलवरची अक्षरं पुसट. उन्हात डोळा उघडवेना. मेंदूत तर काही झालं नसेल? शहाद्यापर्यंतच्या घाटात मी कुणाशी बोललेच नाही. आईला फोन करावा की नाही, तेही ठरेना.

डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, ‘सकाळी बागेत होतात का?’ धोतऱ्यात ॲट्रोपिन असतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे थेंब घालतात, त्यांतल्या काहींतही ते असतं. रस डोळ्यात गेला की बाहुली आकसत नाही. पोटात गेला तर भ्रम होतो, जिवावरही बेततं. माझं डोळ्यावरच निभावलं. दोन-तीन दिवसांत बाहुली ताळ्यावर आली.

आता सोसायटीच्या बागेत मीच ‘तणतज्ज्ञ’! आमच्याकडे धोतऱ्यापेक्षा गाजर गवत जास्त. भारतात त्याचा बोभाटा झाला तोच मुळी १९५५च्या सुमारास, आमच्या पुण्यातून. गाजरासारखी कातरलेली पानं, बारीक पांढरी फुलं. अंगाला लागलं की खाज, पराग नाकात गेले की शिंका, कुणाला दमासुद्धा. म्हणून ते फुलण्याआधीच, माती ओली असताना मुळासकट उपटायचं. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकाला रुमाल. विषारी तण जाळायचं नाही, गुरांपुढे टाकायचं नाही. मग साबणाने हात स्वच्छ. तोवर डोळ्याला हात? अजिबात नाही!

परवा काकूंचा फोन आला, ‘काय गं, यंदा येतेस का तण काढायला?’

येते म्हटलं. हातमोज्यांचे दोन जोड घेऊन!