लेहमधील पहिले दोन दिवस

सिंधूच्या खोऱ्यातील लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर वसले आहे. मुंबईहून विमानाने निघालेला प्रवासी काही तासांतच येथे पोहोचतो. निरभ्र आकाश, उघडेबोडके डोंगर आणि टेकडीवरचा नऊ मजली राजवाडा पाहून पावले चढणीकडे वळतात. शरीर मात्र अद्याप समुद्रकिनाऱ्यावरचेच असते.

येथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. साहजिकच प्रत्येक श्वासातून प्राणवायू कमी मिळतो. प्रथम श्वसनसंस्था व रुधिराभिसरण संस्था मदतीस धावतात: श्वास वाढतो, नाडी जलद होते. काही तासांत मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागतात. त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जेतील पूर्वपेशी अधिक संख्येने तगतात व विभागतात. एकीच्या दोन, दोहोंच्या चार. परिपक्व होताना त्या आपले केंद्रक टाकून देतात. म्हणूनच तांबडी रक्तपेशी स्वतः विभागू शकत नाही. सुमारे १२० दिवस प्राणवायू वाहून ती नष्ट होते.

ही नवी कुमक पुरेशी उभी राहण्यास काही आठवडे लागतात. आठवडाभराची सहल तोवर आटोपलेली असते. तेव्हा सारी भिस्त श्वासावर आणि विश्रांतीवर. पहिले दोन दिवस लेहमध्येच स्वस्थ राहावे, मद्य व धूम्रपान टाळावे. खार्दुंग ला त्यानंतर पाहावा. डोकेदुखी वा मळमळ असल्यास अधिक उंची गाठू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रुग्णालय गाठण्यास क्षणाचाही विलंब करू नये.