हात वर

उत्तर येवो न येवो, शाळेत माझा उजवा हात आधी वर. लग्न होऊन भाईंदर पूर्वेला आले आणि त्याच हाताला लोकलची कडी मिळाली. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. पण विरार-वसईच्या बायका आधीच बसून आलेल्या, भाईंदरकरणीला उभंच राहायचं. मी बुटकी, म्हणजे टाचा उचलून लोंबकळायचं. घरी आल्यावर खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे, तेही त्याच हाताने.

साठीनंतर हाताने संप पुकारला. आधी अंबाडा अडला, मग ब्लाउजचे हुक, मग फळीवरचा साखरेचा डबा. शेजारणींनी फ्रोझन शोल्डर ठरवून टाकलं. एक्स-रेत निघाला संधिवात. दंडाच्या हाडाचा गोळा आणि त्याची उथळ खोबण, मधली फट जवळजवळ बुजलेली. झिजलेली कूर्चा परत येत नाही, डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सांधा बदलण्याइतकी वेळ आली नव्हती. (१८९३ साली पॅरिसमध्ये पेआं नावाच्या सर्जननी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला होता; दोनेक वर्षांत तो काढावा लागला. हे वाचून मी निमूट फिजिओथेरपीला गेले.)

नवघर रोडवरच्या क्लिनिकमधली मुलगी म्हणाली, "काकू, शेकाने बरं वाटेल, पण काम तुमच्या स्नायूंनाच करायचंय." खांद्याभोवतीचे चार स्नायू गोळ्याला खोबणीत धरून ठेवतात, सांधा झिजला की सगळी भिस्त त्यांच्यावर. पहिला व्यायाम दिसायला पोरखेळ: डावा हात टेबलावर टेकून वाकायचं, उजवा मोकळा सोडायचा आणि अंग डोलवून त्याला झुलू द्यायचं. हात आपण हलवायचा नाही. आयुष्यभर राबवलेल्या हाताला नुसतं सोडून देणं मला फार जड गेलं.

मग भिंत. बोटं मुंगीसारखी वर चढवायची आणि थांबतील तिथे पेन्सिलची रेघ मारायची. स्विचबोर्डशेजारी, सूनबाईने नुकत्याच रंगवून घेतलेल्या भिंतीवर. ती काही बोलली नाही. तिचे मी उपकार मानते. रेघ कधी वर जाते, पावसाळ्यात हटकून खाली येते.

आता अंबाडा माझा मी घालते. डबा खालच्या फळीवर आला तो आलाच. खांदा दुखतो म्हणून हात गळ्यात अडकवून बसू नका, बायांनो. आधी एक्स-रे काढा, मग व्यायाम नीट शिकून घ्या, आणि किती दुखलं की थांबायचं हे शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा.