एकोणीस कागद

तेरा वर्षं मी एक वाक्य बोलत आले, "माझ्या सिस्टिममध्ये एनएफएस येणार नाही." बैठकांत बोलले, मुलाखती घेताना बोलले, नव्या मुलांना शिकवताना बोलले. इतक्या ठामपणे की कारण विचारायला सहसा कुणी धजावलं नाही. विचारलं असतं, तर मी ३१ मार्च २००९ चा किस्सा सांगितला असता. तो मला अर्धाच आठवत होता, हे मला २०२२ साली कळलं.

हे क्षेत्र ज्यांचं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्या मशीनवर आणून (याला माउंट करणं म्हणतात), ते आपलंच असल्यासारखं वापरायची सोय. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये तयार केली. दोन-चार सर्व्हरना तेच कागद, त्याच फाइल हव्या असतील तर आजही अनेक ठिकाणी हाच मार्ग धरतात.

२००९ साली मी पुण्यातल्या एका कंपनीत सिस्टिमचं काम बघत होते. दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आणि त्या दोघांना फाइल पुरवणारा तिसरा एक सर्व्हर, तिन्ही आमच्याच इमारतीच्या तळघरात. वर्षअखेरीच्या दिवशी दुपारी पावणेतीनला त्या तिसऱ्याचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, गेलं. बाकीचे दोन बंद पडले नाहीत, गोठले. डिस्कवर जागा किती उरली हे सांगणारी साधी कमांड दिली तर तीही परत येईना. प्रोसेस मारावी तर ती मरेना. यादीत तिच्यापुढे फक्त 'डी' हे अक्षर दिसायचं, म्हणजे ती उत्तराची वाट बघत होती आणि उत्तर आल्याशिवाय उठणार नव्हती. माझ्या पाठीमागे अकाउंट्सचे साहेब उभे होते. नऊ तास ते खालीवर करत होते आणि दर वेळी तेच विचारत होते, "अजून किती वेळ?" त्या रात्री घरी जाताना मी ठरवलं, हे परत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये आताच्या कंपनीची मोठी सिस्टिम क्लाउडवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. खरेदीच्या ऑर्डरी, चलनं, मालाबरोबर जाणारी टेस्ट सर्टिफिकेटं असे सहा लाखांच्या आसपास स्कॅन केलेले कागद त्यात होते. सगळे मिळून ८० जीबी. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात वेगवेगळ्या झोनमध्ये आम्ही दोन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर उभे केले आणि पुढे लोड बॅलन्सर लावला. आता प्रश्न कागदांचा. क्लाउडवरची साधी डिस्क एका झोनमध्ये, एका मशीनला जोडलेली असते. लोड बॅलन्सर माणसाला कधी या सर्व्हरवर पाठवतो, कधी त्या. मग कागद दोन्हीकडे कसे दिसायचे?

आमच्याकडे सांगलीहून आलेला एक मुलगा होता, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तो म्हणाला, "मॅडम, ईएफएस वापरू या ना. दोन्हीकडे माउंट करू, प्रश्नच मिटेल." अ‍ॅमेझॉनची ही तयार एनएफएस सेवा २०१६ पासून सर्वांसाठी खुली आहे. मी त्याला विचारलं, "तू कधी गोठलेला सर्व्हर बघितलायस?" तो नाही म्हणाला. "मग यावर बोलू नकोस," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. तो पुढे काही बोलला नाही.

मी माझा मार्ग काढला. दोन्ही सर्व्हरना आपापली डिस्क दिली आणि दर पाच मिनिटांनी आरसिंक या फाइल नकलणाऱ्या प्रोग्रॅमने इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, दोन ओळी. पहिल्याच महिन्यात दिसलं की एखाद्याने चुकीचा कागद पुसला तरी तो दुसऱ्या सर्व्हरवरून परत येतो. म्हणून मी रात्री दोनची एक फेरी वाढवली. पहिला सर्व्हर प्रमाण मानायचा आणि त्याच्यावर नसलेलं दुसऱ्यावरून पुसून टाकायचं. रात्री दोनला कोण कागद चढवतंय, असा मी विचार केला. खरं तर विचार केलाच नाही. आमच्या चाकणच्या कारखान्यात तिसरी पाळी चालते हे मला माहीत होतं, आणि माल बहुतेक रात्रीच बाहेर पडतो हेही.

चौदा महिने हे चाललं. बैठकीत कुणी विचारलं की मी सांगायची, "एकदाही गोठलं नाही." आणि ते खरं होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, आमचा एक ट्रक रात्रभर ग्राहकाच्या गेटवर उभा राहिला. टेस्ट सर्टिफिकेट सिस्टिममध्ये दिसत होतं, नाव, तारीख, नंबर सगळं होतं, पण उघडायला गेलं की फाइल नाही. सकाळी मी चाकणला गेले. डिस्पॅचला एक काका होते, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेले. मी त्यांना विचारलं, "असं आधी कधी झालंय का?"

"होतं की," ते म्हणाले. "क्वालिटीवाल्यांनी कागद चढवला की लगेच नाही उघडायचा. आधी चहा घेऊन यायचा. पाचेक मिनिटांनी दिसतो. नव्या पोरांना मी हेच सांगून ठेवलंय."

मी गप्प झाले. माझ्या क्रॉनची पाच मिनिटं त्यांनी बरोबर मोजली होती. ती कशाची होती हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी फक्त स्वतःला आणि आपल्या माणसांना त्यांची सवय लावून घेतली होती. तक्रार कुणी केली नव्हती. तक्रार नाही म्हणजे अडचण नाही, असं मी चौदा महिने समजत होते.

"आणि चहानंतरही दिसला नाही तर?"

त्यांनी मागचं लोखंडी कपाट उघडलं. आत बॉक्स फाइली होत्या, महिन्यावार लावलेल्या. "दोन-तीनदा तसं झालं, तेव्हापासून मी झेरॉक्स ठेवतो. तुमच्या सिस्टिमवर माझा राग नाही मॅडम. पण गाडी अडली की ड्रायव्हर मला फोन करतो."

परत आल्यावर मी सांगलीच्या त्या मुलाला बोलावलं. डेटाबेसमध्ये नोंद असलेल्या फाइलींची यादी आणि दोन्ही डिस्कवर खरोखर असलेल्या फाइलींची यादी त्याने समोरासमोर लावली. एकोणीस कागदांची नोंद होती, कागद नव्हते. सगळे रात्री दोनच्या आधीच्या काही मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर चढवलेले होते. पहिल्या सर्व्हरवर पोचण्याआधीच माझ्या फेरीने ते जास्तीचे समजून पुसले होते. डिस्कचा स्नॅपशॉट तीन वाजता व्हायचा, त्यामुळे तिथेही त्यांचा माग नव्हता. कुठल्याही लॉगमध्ये चूक म्हणून ओळ नव्हती. आरसिंकने मी सांगितलं तेच केलं होतं.

त्या रात्री मी घरी जुन्या डायऱ्यांची पेटी काढली. २००९ ची डायरी मला कशासाठी हवी होती, हे आज नीट सांगता येत नाही. बहुधा स्वतःला आधार द्यायचा होता, की बघ, तेव्हा किती वाईट झालं होतं, तुझी भीती खोटी नव्हती. ३१ मार्चचं पान सापडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'रात्री ११.४० ला कार्ड बदललं. सर्व्हर दोन जिथे थांबला होता तिथून आपोआप पुढे सुरू. एक्सपोर्ट पूर्ण. हरवलेल्या फाइल : ०. सर्व्हर एकवर एक फाइल अर्धवट, पॉवर काढल्यामुळे.'

पॉवर मी काढली होती. साहेब मागे उभे होते, काहीतरी करून दाखवायला हवं होतं, म्हणून मी एका सर्व्हरची वायर ओढली होती. त्या नऊ तासांत झालेलं एकमेव नुकसान माझ्या हाताने झालं होतं. ज्याला मी हात लावला नाही, तो सर्व्हर नऊ तास वाट बघून, उत्तर आल्यावर राहिलेलं काम पुरं करून मोकळा झाला होता.

हे मी स्वतः लिहिलं होतं आणि पुरतं विसरले होते. माझ्या लक्षात राहिली ती पाठीमागची माणसं आणि वर झालेली ओरड. तेरा वर्षं मी तांत्रिक मत म्हणून जे सांगत होते, ती त्या दिवशीची लाज होती. तिच्यापायी मी एका हुशार मुलाला चारचौघांत गप्प केलं आणि चाकणच्या लोकांना चौदा महिने झेरॉक्सच्या रांगेत उभं केलं.

एनएफएसचा मूळ मसुदा मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचला. मार्च १९८९ मध्ये तो आरएफसी १०९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. क्रमांकसुद्धा मला धड पाठ नव्हता. त्यातली कल्पना साधी आहे. सर्व्हरने ग्राहक-मशीनचं, म्हणजे फाइल मागणाऱ्या मशीनचं, काहीही लक्षात ठेवायचं नाही, आणि सर्व्हर पडला तर ग्राहक-मशीनने उत्तर येईपर्यंत तीच विनंती पुन्हा पुन्हा करत राहायची. म्हणजे मी ज्याला बिघाड म्हणत होते, ते एनएफएसचं ठरलेलं वागणं होतं. फाइल आहे की नाही हे माहीत नसताना तो 'नाही' म्हणत नव्हता, थांबत होता. माझा आरसिंक कधीच थांबला नाही. तो 'नाही' म्हणून मोकळा होत होता.

पुढचं काम, म्हणजे कागद ईएफएसवर न्यायचं, आम्ही दोघांनी मिळून केलं, आणि बरंचसं त्याने मला शिकवलं. प्रत्येक झोनमध्ये एक माउंट टार्गेट, म्हणजे ईएफएसला जोडायचं ठिकाण. पोर्ट २०४९ फक्त आमच्या दोन सर्व्हरच्या गटाला उघडं. २००९ ला जुन्या तिसऱ्या आवृत्तीसाठी मी फायरवॉलमध्ये अनेक पोर्ट उघडत बसले होते, ४.१ आवृत्तीला हे एकच पुरतं. पहिल्या संध्याकाळी एका सर्व्हरने लिहिलेली फाइल दुसऱ्यावर भलत्याच मालकाच्या नावाने दिसली. एनएफएस इथे नाव बघत नाही, युजरचा नंबर बघतो, आणि आमच्या दोन मशीनवर एकाच युजरचे नंबर वेगळे होते. अ‍ॅक्सेस पॉइंट घेऊन तो नंबर एकच केला. वेगाचा हिशेब त्याने आधीच मांडला होता. साध्या पद्धतीत कायमचा मिळणारा वेग साठ्यावर ठरतो, म्हणजे ८० जीबीला सेकंदाला सुमारे ४ एमबी, त्यावरचं सगळं साठवलेल्या क्रेडिटवर. महिनाअखेरीला ते पुरणार नाही म्हणून ठरावीक वेग पैसे मोजून घेतला. लहान फाइलींना प्रत्येक उघड-मिटीला नेटवर्कची फेरी पडते, म्हणून प्रोग्रॅम आणि लॉग आपापल्या डिस्कवरच ठेवले, फक्त कागद सामायिक केले.

मग माउंटची ओळ लिहायची वेळ आली. 'हार्ड' की 'सॉफ्ट', त्याने विचारलं. सॉफ्ट म्हणजे काही प्रयत्नांनंतर हार मानून प्रोग्रॅमला चूक कळवायची; मग प्रोग्रॅमने ती नीट हाताळली नाही तर अर्धी फाइल राहते. हार्ड म्हणजे थांबायचं. माझा हात क्षणभर अडला, हे कबूल करते. मी 'हार्ड' लिहिलं.

एका गोष्टीचा आग्रह मात्र मी धरला. माउंट झालंच नाही, तर त्याच नावाचं रिकामं फोल्डर स्थानिक डिस्कवर असतं, आणि अ‍ॅप्लिकेशन काही न बोलता त्यात लिहीत सुटतं. म्हणून ते खालचं फोल्डर आम्ही लिहिता येणार नाही असं कुलूपबंद केलं, आणि माउंट असल्याशिवाय अ‍ॅप्लिकेशन सुरूच होणार नाही अशी अट घातली. बॅकअप वेगळा ठेवला. सामायिक फोल्डरमधून चुकून पुसलेलं दोन्हीकडून एकदमच जातं, ती भीती मला आजही आहे आणि ती असायला हवी.

डिसेंबरातल्या एका सोमवारच्या बैठकीत मी सांगितलं की ऑगस्ट २०२१ मध्ये हा मुलगा बरोबर होता, मी चूक होते आणि त्याला गप्प करायचा मला अधिकार नव्हता. तो खाली बघत राहिला. नंतर चहाला म्हणाला, "मॅडम, मला तेव्हा वाटलं होतं, माझंच चुकलं असेल." त्याची चौदा महिन्यांची ती शंका मला परत घेता येत नाही.

एकोणीसपैकी सतरा कागद काकांच्या बॉक्स फाइलींत सापडले. दोन कायमचे गेले. सिस्टिममध्ये त्यांच्या नोंदीपुढे आम्ही 'मूळ फाइल उपलब्ध नाही, चूक आमची' असं लिहिलं आहे.

तुमच्याकडेही दोन सर्व्हरवर दोन फोल्डर आणि मध्ये क्रॉनची ओळ असेल, तर आजच डेटाबेसमधली यादी आणि डिस्कवरची यादी शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि डिस्पॅचला जाऊन विचारा, कुणी झेरॉक्स ठेवतंय का.